माझ्या जिभेवरचा तीळ

आमच्या घरात कधीच काही संपत नसे. तांदळाचा डबा तळाला लागला, वाटी आत खडखड वाजली, तरी आते म्हणायची, "तांदूल वाढले." मीठ वाढायचं, रॉकेल वाढायचं, चहापत्ती वाढायची. बांगडी फुटली की वाढली म्हणायचं आणि दिवा विझवायचा नाही, वाढवायचा, एवढं तर कुठल्याही मराठी घरात चालतं. पण आमच्या आतेनं हे प्रकरण पार टोकाला नेलं होतं. दुकानदार तिला लांबून बघूनच विचारायचा, "काय आते, आज काय वाढलं?"

आते म्हणजे माझ्या बाबांची थोरली बहीण. तरुणपणीच तिचा नवरा गेला आणि ती परत माहेरी, आमच्या घरी आली. घरात आई होती, बाबा होते, मी होते. पण कुणी काय बोलायचं हे आते ठरवायची. खाडीकाठचं गाव आमचं. मागे मिठागरं, पुढे तिवरं आणि चिखल. नवी मुंबई तेव्हा जेमतेम जमिनीत रोवलेल्या हद्दीच्या दगडांपुरती होती आणि त्या दगडांवर आम्ही पोरं बसून बोरं खायचो. बाबांची छोटी होडी होती. आम्ही तिला होरी म्हणतो. होरी पाण्यात असेपर्यंत घरात 'नाय' हा शब्द उच्चारायचा नाही, 'जाते' म्हणायचं नाही, कुठे चाललात म्हणून विचारायचं नाही. आणि कुणी तब्येत विचारली तर एकच उत्तर, "बरा हाय." तापानं फणफणलेला माणूसही उंबऱ्याबाहेर बघून "बरा हाय" म्हणायचा. वाईट बोललं की ते कान देऊन ऐकतं आणि घरात येतं, असं आतेचं म्हणणं.

मी आठ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. बाबा मला होरीतून नेणार होते. आठवडाभर कबूल केलं होतं. सकाळी मी तयार होऊन बसले आणि ते मला न घेताच निघाले. मी आधीच तापट. अंगणात पाय आपटले आणि ओरडले, "जावा! आज तुमाला कायपन मिलनार नाय! रिकाम्या हातानं याल!" आतेनं भाकरी थापता थापता वर पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

दुपारी चौघांनी बाबांना उचलून आणलं. नव्या पुलाच्या खांबांजवळ होरीची फळी निखळली, होरी कलंडली आणि दगडात पाय सापडून चेचला. जीव वाचला, पाय राहिला. पण पुढे जन्मभर लंगडत चालले. होरी तिथंच गाळात रुतली.

संध्याकाळी आतेनं मला दारात उजेडाला धरलं, हनुवटी वर केली आणि म्हणाली, "जीभ काढ." मी काढली. जिभेच्या डाव्या कडेला तिळाएवढा काळा ठिपका होता. तो तिथे असल्याचं मलाही ठाऊक नव्हतं. आते मारणार असं मला वाटलं. तिनं मारलं नाही. फक्त म्हणाली, "काली जीभ हाय तुझी. आजपासून पुढचा काय बोलू नको. झालेला बोल, व्हायचा हाय तो बोलू नको." आणि आत जाऊन रडली.

ती का रडली ते मला आईनं पुढे कधीतरी हळूच सांगितलं. तिचा नवरा शेवटचा होरी घेऊन निघाला तेव्हा दोघांचं भांडण झालं होतं, आणि ती म्हणाली होती, "जा एकदाचा." तो परत आलाच नाही. तेव्हापासून ती प्रत्येक शब्द निवडून बोलायची, तांदूळ निवडतात तशी.

गावभर बातमी झाली. बायका मला बघून बाळाच्या डोक्यावर पदर घालायच्या. पोरांचं मात्र वेगळंच. शाळेत इन्स्पेक्टर यायचा होता तर दोघी माझ्याकडे चिंच घेऊन आल्या, "बोल ना गो, तो येनार नाय असा बोल." मी चिंच खाल्ली आणि बोलले. इन्स्पेक्टर अर्धा तास आधीच येऊन बसला. त्या दोघींनी माझ्याकडे चिंचेचे चिंचोके परत मागितले. हसू येतं आता. पण तेव्हा मी घरी जाऊन आरशात जीभ काढून बघितली. इन्स्पेक्टर येतो, आणि बाबांची होरी मात्र बुडते? म्हणजे चांगलं बोललेलं खरं होत नाही आणि वाईट तेवढं खरं होतं? असली कसली ही जीभ! मला तिचा राग यायचा, मीठ लावून घासायचे मी ती. ठिपका जात नव्हता.

बाबांनी खाडी सोडली आणि तळोज्याच्या एका कारखान्यात फाटकावर बसायची नोकरी धरली. गावाभोवती भराव पडू लागला, लाल मातीचे ट्रक दिवसभर धावायचे. वर्षं गेली. मी तेरा-चौदाची झाले. आणि आईला खोकला सुरू झाला.

पहिले काही आठवडे कुणी लक्षच दिलं नाही. धूळ किती होती! सगळं गाव खोकत होतं. मग आईच्या गालांची हाडं वर आली, चोळ्या ढगळ झाल्या. संध्याकाळ झाली की तिचे हात कढत लागायचे. आते म्हणायची, "जरा सुकली हाय, बाकी बरी हाय." आईही म्हणायची, "बरा हाय." एका सकाळी मी मोरीत शिरले तर आई खाली बसून तांब्यानं पाणी ओतत होती, घाईघाईनं. पाणी लाल होऊन वाहत होतं.

तिनं माझं मनगट पकडलं. इतक्या बारीक हातात तेवढा जोर कुठून आला देव जाणे. म्हणाली, "कोनाला बोलू नको. आतेला नको, बाबांना नको. आनि तू तर अजिबात नको गो. तुझ्या तोंडून निघाला तर खरा होईल."

 म्हणजे आई मरते की जगते हे माझ्या तोंडावर होतं! तिला जगवायचं असेल तर मी गप्प बसायचं. मी गप्प बसले. आईसाठी इतकं तर करायलाच हवं होतं ना. महिना गेला, दुसरा लागला. मी मोरीवर नजर ठेवायचे, लाल दिसलं की स्वतः पाणी टाकायचे. जेवण जाईनासं झालं. शाळेत बसल्या बसल्या पोटात कळ यायची. तोंडात एक घास धरून ठेवल्यासारखं, गिळता येत नाही आणि थुंकता येत नाही, असे ते दिवस होते.

आमच्या वर्गाच्या बाई मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेल्या. नव्या सेक्टरातल्या इमारतीत राहायच्या, घरात बुद्धाची तसबीर, आणि बोलणं एकदम रोखठोक. त्या दर शनिवारी वर्गाला काहीतरी वाचून दाखवायच्या. त्या शनिवारी एका जुन्या मासिकातला लेख होता, बर्फाच्या देशातल्या माणसांचा. एस्किमो म्हणायचो आम्ही तेव्हा. ती माणसं स्वतःला इनुइट म्हणवतात हे मला फार पुढे कळलं. केसाळ कातड्याची टोपी घातलेल्या बाईचं चित्र होतं, गाल फुगलेले, आमच्या गावातल्या एखाद्या गोल तोंडाच्या काकीसारखी. बाईंनी वाचलं की ही माणसं शिकारीला जाताना बढाई मारत नाहीत, प्राण्याची टर उडवत नाहीत, कारण प्राण्यांना ते ऐकू जातं. मनात वाईट विचार घोळवत बसलं की माणूस आजारी पडतो, आणि नुसता तोच नाही, आजूबाजूचेही पडतात, असं ती मानतात.

मी ताठ बसले. बर्फात राहणारी, सील मारून खाणारी माणसं, कुठे ती आणि कुठे आम्ही खाडीतले. आणि त्यांच्यातही आते आहेच की! मला अगदी घरचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. पण बाईंनी पान उलटलं आणि पुढे वाचलं. कुणी आजारी पडलं की सगळे एका घरात जमतात. त्यांचा एक जाणता माणूस असतो, तो विचारत जातो. आणि आजारी माणसानं जे लपवलं असेल, जे बोलायचं टाळलं असेल, ते सगळ्यांसमोर बोलून टाकायचं. घरातल्या दुसऱ्या कुणी लपवलं असेल तर त्यानंही. लपवलेलं आत राहिलं तर तेच माणसाला खातं, बाहेर आलं की माणूस हलका होतो.

म्हणजे उलटंच की सगळं! आमच्याकडे बोललेलं मारतं, त्यांच्याकडे न बोललेलं. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पोरी हसल्या.

शाळा सुटल्यावर बाईंनी मला थांबवलं. "काय झालं लेकरा?" मी मान हलवली. "पोट दुखतंय?" मी मान हलवली. मग एकदम विचारलं, "बाई, समजा एखादीची जीभ काळी असली, तर तिनं बोलायचं का?"

बाई हसल्या नाहीत. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसल्या. "कोण म्हणलं तुझी जीभ काळी?" मी होरीचं सगळं सांगितलं. आईचं नाही सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या आज्जीची सावली पडली तरी लोकांचं वाईट होतंय म्हणायचे गावात. आमी विहिरीला हात लावला तर पानी बाटतंय म्हणायचे. आता मी रोज तुमच्या शाळेच्या माठात ओगराळं बुडवते. मेलं का कुणी?"

"नाय."

"मग आता नीट ऐक. तुझ्या जिभेत जोर हाय की नाय, मला ठाऊक नाही. तुलाबी ठाऊक नाही. पण असला, तर त्या जोरानं चांगलं बोल, रोज बोल, ओरडून बोल. आन् नसला, तर भ्यायचं कशाला? दोन्हीकडून बोलायचंच निघतं की गं."

मी घरी चालत निघाले. मिठागराच्या बांधावरून वाट होती. दोन्हीकडून बोलायचंच निघतं. मी ते उलटं करून पाहिलं, सुलटं करून पाहिलं, कुठेच चूक सापडेना. बांधाच्या टोकाला पोचेस्तोवर माझं ठरलं होतं.

दवाखान्यात आई दोनदा जाऊन आली होती. दोन्ही वेळा आते बरोबर, दोन्ही वेळा खोकल्याचं लाल औषध घेऊन परत. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, मीपन येते. आते म्हणाली, "तुझा काय काम?" मी चपला घालून आधीच अंगणात उभी होते.

डॉक्टरांसमोर लोकांची ही रांग. आई स्टुलावर बसली. डॉक्टरांनी न बघताच विचारलं, "काय होतंय?"

"बरा हाय," आई म्हणाली.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. अगं, डॉक्टरला पण? आते पुढे सरसावली, "जरा खोकली हाय. हवा बदलली ना, डाक्टरसायब. जेवते-खाते. बाकी बरी हाय." डॉक्टरांचं पेन चिठ्ठीवर चालायलाही लागलं. तेच औषध, तिसऱ्यांदा. दोन महिने माझी आई डॉक्टरसमोर बसून बरी आहे सांगत होती आणि डॉक्टर तिच्यावर विश्वास ठेवत होते!

"रगत पडतं," मी म्हणाले.

आतेचा हात माझ्या तोंडावर आला, खारट, मासळीचा वास असलेला. मी तो दोन्ही हातांनी खाली ओढला. "दोन महिने रगत पडतं. मी बघितलं हाय. संध्याकाली ताप येतो. घाम येतो, चादर भिजते. ती जेवत नाय. ती बरी नाय. बरी नाय!"

 डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्यांदा आईकडे नीट पाहिलं. आई माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसती भीती होती. माझीच भीती.

थुंकी तपासली, फोटो काढला. टीबी निघाला. डॉक्टर म्हणाले, औषधं आहेत, पूर्ण बरा होतो. पण आधी इंजेक्शनं, मग गोळ्या, आणि वर्षभर एकही दिवस चुकवायचा नाही. मधेच सोडलं तर रोग उलटतो आणि मग औषध ऐकत नाही. त्यांनी हे आईला सांगितलं, आतेला सांगितलं, आणि मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "तू लक्ष ठेव. तू बोलतेस."

घरी आते माझ्याशी बोलेना. तिनं माझं ताट वेगळं वाढलं नाही, मला शिवी दिली नाही. फक्त एकदाच म्हणाली, "बोललीस शेवटी." आई भिंतीकडे तोंड करून निजली. मी चुलीजवळ बसून विचार करत होते की आई खरंच गेली तर? तर बाईंचं बोलणं काय चाटायचंय मला? 

दुसऱ्या दिवशी रविवार. बाबांची सुट्टी. ते मला म्हणाले, चल जरा बांधावर. लंगडत लंगडत ते पुढे, मी मागे. ओहोटी होती. लांब गाळात आमच्या होरीची एक फासळी अजून वर दिसायची. बाबा खाली बसले, पाय सरळ केला.

"ती फली कुजलेली होती," ते म्हणाले.

मला कळेना. "कुठली?"

"होरीची. पंधरा दिस आधी मी बघितली होती. बोटानं दाबली तर आत जायची. पन होरी कुजली असा घरात बोलायचा नसतो, तुला ठाव हाय ना. बोललो असतो तर चार मानसं आली असती, फली बदलली असती. नाय बोललो. कापूस नि डांबर घालून बुजवली. म्हनून तुला त्या दिशी नेला नाय. भ्यालो."

 सहा वर्षं! सहा वर्षं गावातल्या बाया माझ्यापासून बाळं झाकत होत्या आणि या माणसाला ठाऊक होतं!

"मग बोलला का नाय तेव्हा?"

बाबांनी चिखलात काडी टोचली. "तुझ्या जिभेवर गेला, ते मला बरा वाटला. माझ्यावर नाय आला." मग काडी मोडून टाकली. "दवाखान्यात तू बोललीस असा आते सांगत होती. मला माझी शरम वाटली गो."

मी उठले आणि त्यांना तिथंच सोडून चालत घरी आले. तीन दिवस बोलले नाही त्यांच्याशी. चौथ्या दिवशी बोलले, कारण गोळ्या आणायला त्यांनाच पाठवायचं होतं.

पण त्या रविवारी परत येताना मला आतून काहीतरी सुटल्यासारखं झालं, हे खरं. पोटातली कळ गेली. घरात शिरले, आईच्या उशाशी उभी राहिले आणि मोठ्यानं म्हणाले, "आय, तू बरी होनार." आते चुलीपाशी दचकली. मी पुन्हा म्हणाले. रोज सकाळी म्हणायचं असं ठरवूनच टाकलं. शाळेत जाताना उंबऱ्यावर उभी राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं, "माझी आय बरी होनार!" शेजारीण खिडकीतून म्हणायची, "झाली सुरू हिची आकाशवाणी." होऊ दे ना. काळी जीभ म्हणता ना मला? मग ऐका तिचं!

इंजेक्शनं संपली, आईला भूक लागायला लागली. मग तिसऱ्या महिन्यात परत काहीतरी बिनसलं. आई गोळी घेते असं दिसायचं, पण चेहरा पडलेला. एके दिवशी मी सुक्या बोंबलांच्या डब्यात हात घातला तर तळाशी गोळ्या. लालभडक, मोजून अकरा. मस्तकात तिडीक गेली माझ्या. डबा घेऊन आईसमोर आपटला. "हे काय?"

आई पदराचं टोक चावत बसलेली.

"का नाय खाल्ल्यास?"

"बरा हाय आता," ती म्हणाली.

परत तेच दोन शब्द! तेव्हा मी जे केलं त्याची मला अजून थोडी लाज वाटते आणि जास्त अभिमान वाटतो. मी दारात गेले, उंबऱ्यावर दोन्ही पाय ठेवले, तोंड खाडीकडे केलं आणि म्हणाले, "आय, खरा काय ते सांग. नायतर मी आता हितून बोलते. काय बोलायचा ते मला ठाव हाय. माझी जीभ काली हाय, इसरू नको."

"नको गो!" आई ओरडली. आतेच्या हातातलं भांडं पडलं.

"मग सांग."

आईनं आतेकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं आणि पुटपुटली, "लघवीला लाल होता. गोली घेतली की लाल होता. तोंडातला रगत बंद झाला नि आता खालून जाते मी. म्हनून नाय घेतली."

मी तशीच तिला ओढत दवाखान्यात नेली. डॉक्टरांना आधी हसू आलं, मग ते स्वतःवरच चिडले. त्या गोळीचा रंगच तसा, ते रक्त नव्हे, सगळ्यांनाच होतं, मी सांगायला हवं होतं, म्हणाले. आई इतकी हसली, इतकी हसली की तिला खोकला आला. कित्येक महिन्यांत ती हसलेली मी पाहिली नव्हती.

त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. आई कंटाळली की मी नुसती दाराकडे बघायचे. ती "घेते गो बाय, घेते," म्हणून तांब्या उचलायची. पावसाळा गेला, दिवाळी गेली, शिमगा आला. फोटो काढला, छाती साफ निघाली. डॉक्टर म्हणाले, गोळ्या बंद. दुसऱ्या दिवशी सवयीनं मी उंबऱ्यावर उभी राहिले आणि तोंड उघडलं, तर आई आतूनच म्हणाली, "आता काय ओरडतंस? झाली मी बरी." मी शाळेत गेले.

आते या सगळ्यात वर्षभर माझ्याशी कामापुरतीच बोलली. मी तिला दोष देत नाही. तिच्या तोंडून गेलेल्या दोन शब्दांनी माणूस मारला, असं तिनं आयुष्यभर धरलेलं. ते एका पोरीच्या ओरडण्यानं थोडंच सुटतं. मात्र अलीकडे ती मासे कापताना बोटं कापून घेऊ लागली होती. रोज एक नवी चिंधी बांधलेली. विचारलं की, "कोयता धारेचा हाय."

आईच्या गोळ्या बंद झाल्यावर महिनाभरानं, भर दुपारी, मी अंगणात जाळ्याची दोरी सोडवत होते. आते येऊन समोर उभी राहिली. "जीभ काढ बघू," म्हणाली. मला आठ वर्षांची मी आठवले. पण आता मी भीत नव्हते. काढली. तिनं चिंध्या बांधलेल्या बोटांनी माझी हनुवटी धरली, उन्हाकडे केली, तोंड अगदी जवळ आणलं, इतकं की तिचा श्वास लागला. बराच वेळ बघितलं. मग समाधानानं मान हलवली.

"गेला गो तुझा तीळ," ती म्हणाली. "जीभ साफ झाली."

मी आत जाऊन आरशात पाहिलं. तीळ होता तिथेच होता, काळाकुट्ट. आरसा हातात धरून मी उभी राहिले आणि मग मला त्या चिंध्या दिसल्या, सगळ्या एकदम. दारातून बघितलं. आते अंगण ओलांडून चालली होती आणि पाण्याच्या पिंपाला हात लावून मगच वळत होती.

मला तिथल्या तिथे बोलता आलं असतं. त्या घरात तेवढी परवानगी मी मिळवलेली होती. नाही बोलले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, आते, माझ्या पोटात दुखतं, दवाखान्यात चल माझ्यासंगं. ती आली. बसमध्ये चढताना तिनं माझा खांदा घट्ट धरला होता.

आमचा नंबर आला. स्टुलावर मी तिला बसवलं आणि मागे उभी राहिले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी मानेनंच आतेकडे खूण केली. मग त्यांनी तिला विचारलं, "काय आजी, काय होतंय?"

आतेचे ओठ हलले. मला ठाऊक होतं कुठले दोन शब्द तिथे येऊन बसलेत. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दात आवळून गप्प राहिले; हे माझ्या जिभेनं बोलायचं नव्हतं. बाहेर कुणीतरी खोकलं. आतेनं पदरानं तोंड पुसलं.

"दिसत नाय," ती म्हणाली. "वरीस झाला, मला दिसत नाय."

डॉक्टरांनी बॅटरी काढली आणि तिला वर बघायला सांगितलं.